आकाशातील की स्वयंपाकघरातील? : घरगुती मॅग्नेट्रॉनच्या रेडिओ संकेताचा इतिहास आणि लोणारचा दाखला

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराने विज्ञानाच्या अभ्यासकांपुढे एक प्रश्न सुमारे दीडशे वर्षे उभा ठेवला होता. ही घटना पृथ्वीच्या पोटातून घडली की आकाशातून? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या गोलाकार खळग्याची नोंद १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली आणि त्यानंतर अनेक भूवैज्ञानिकांची पावले तेथे वळली. भोवताली सर्वत्र दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे लाव्हारसातून घडलेला बेसॉल्ट. अशा प्रदेशात विवर आढळल्यास ते ज्वालामुखीचे मानणे स्वाभाविक होते, आणि ला टूश व ख्रिस्ती या भूवैज्ञानिकांचे १९१२ मधील विवेचनही त्याच दिशेने गेले. दृश्य जेथे आढळते तेथील परिसरावरून त्याचे कारण ठरविण्याची ही रीत आहे. बहुतेक वेळा ती बरोबर ठरते, आणि म्हणूनच ती जेथे चुकते तेथे चूक लवकर ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय लोणार नाही. १९९८ ते २०१५ या काळात ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीपुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. तेथे आकाशातून आल्यासारखे दिसणारे संकेत प्रत्यक्षात आवारातील मायक्रोवेव्ह ओव्हनमधून येत होते. त्या शोधाचा इतिहास, त्यामागील घरगुती मॅग्नेट्रॉन या उपकरणाची जडणघडण आणि महाराष्ट्रात खोडद येथे उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीशी असलेला त्याचा संबंध येथे तपासला आहे. लोणार हा या तपासणीचा दाखला आहे, कारण एकासारख्या दिसणाऱ्या दोन कारणांतून खरे कारण निवडायचे कसे, हे तेथे अगोदर घडून गेले होते.

लोणारचा पुरावा

या वादातील एक नाव विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकेचे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील प्रसिद्ध विवर व लोणार यांतील साम्याकडे लक्ष वेधले. मात्र ॲरिझोनाचे विवर अशनीच्या आघाताने झाले असावे ही शक्यता तपासून गिल्बर्ट यांनी स्वतःच ती नाकारली. त्यांची कसोटी तर्कशुद्ध होती : जमिनीखाली लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला असेल, तर चुंबकसूची विचलित झाली पाहिजे. ती झाली नाही. तेव्हा वाफेच्या स्फोटाने हे विवर पडले, असा त्यांनी निर्णय दिला. कसोटी बरोबर होती, तिच्यामागचे गृहीतक चुकीचे होते. इतक्या वेगाने आदळलेला अशनी अखंड उरत नाही, त्याचा बहुतांश भाग वितळतो, विखुरतो व वाफ होऊन जातो, ही गोष्ट त्या काळी ज्ञात नव्हती. एखाद्या कारणाने कोणता माग मागे राहतो हेच नीट ठाऊक नसेल, तर तो माग न सापडणे हा पुरावा होऊ शकत नाही. गिल्बर्ट यांचे ते व्याख्यान गृहीतके कशी जन्मतात व तपासली जातात याच विषयावर होते, ही गोष्ट वाचकाला थोडी खिन्न करणारी आहे.

लोणारचा निर्णय १९७३ मध्ये लागला. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी विवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. बेसॉल्टमधील फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या प्रचंड दाबाखाली आपली स्फटिकरचना गमावते, पण वितळत नाही. या काचसदृश अवस्थेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत उष्णता विपुल असते, असा क्षणिक दाब नसतो. खळग्याचा आकार, त्याची खोली, भोवतालचा पाषाण या सर्व गोष्टी दोन्ही कारणांशी जुळवून घेता येत होत्या. मॅस्केलिनाइट केवळ एका कारणाशीच जुळत होते.

रडारपासून चुलीपर्यंत

आता दुसऱ्या घटनेतील प्रमुख पात्राकडे वळले पाहिजे. मॅग्नेट्रॉन हे नाव अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आल्बर्ट हल यांच्या १९२१ मधील संशोधनाबरोबर रूढ झाले. मध्ये तापलेला कॅथोड, भोवती धातूचे नळकांडे आणि दोहोंच्या अक्षाला समांतर चुंबकीय क्षेत्र, अशी ती निर्वात नलिका होती. कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ बाहेर न जाता चुंबकाच्या प्रभावाने वळतात, हे तिचे मूलतत्त्व. पुढील दोन दशकांत जपान, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ अशा अनेक ठिकाणी तिच्यावर काम झाले. निर्णायक पाऊल पडले ते बर्मिंगहॅम विद्यापीठात. जॉन रँडल व हॅरी बूट यांनी तांब्याच्या जाड ठोकळ्यात वर्तुळाकार पोकळ्या कोरून तयार केलेला मॅग्नेट्रॉन २१ फेब्रुवारी १९४० रोजी प्रथम चालला आणि सुमारे ९.८ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्याने सुमारे ४०० वॅट शक्ती दिली. बासरीची लांबी व छिद्रे जसा स्वर ठरवितात, तशीच या पोकळ्यांची मापे त्याची वारंवारता ठरवितात. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत या पोकळ्यांच्या तोंडांवरून जाताना त्यांना नादवितो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिझार्ड यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हे उपकरण अमेरिकेत नेले आणि विमानात मावेल एवढे रडार शक्य झाले. युद्धोत्तर भारतात मॅग्नेट्रॉन आला तोही रडारच्याच रूपाने. भारतीय हवामान खात्याने १९५४ मध्ये कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर वादळे टिपणारे रडार बसविले. स्वयंपाकघराचा विचार तेव्हा येथे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

अमेरिकेत मात्र तो आला होता. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊ चालू मॅग्नेट्रॉनपाशी उभे राहिल्याने वितळला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यापेक्षा त्यांनी ८ ऑक्टोबर १९४५ रोजी दाखल केलेला आणि २४ जानेवारी १९५० रोजी मंजूर झालेला एकस्वाचा अर्ज अधिक विश्वसनीय साक्षीदार आहे. युद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते आणि मॅग्नेट्रॉन बनविणाऱ्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. १९४७ मध्ये आलेला पहिला व्यापारी ओव्हन माणसाहून उंच, सुमारे ३४० किलो वजनाचा आणि पाण्याने थंड ठेवावा लागणारा होता. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन बाजारात आला तो १९६७ मध्ये.

वारंवारतेच्या निवडीबद्दल एक गैरसमज आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही अधूनमधून आढळतो, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. २४५० मेगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची अनुनादी वारंवारता असून म्हणूनच ती निवडली, असे सांगितले जाते. ते खरे नाही. द्रवरूप पाणी विद्युतचुंबकीय ऊर्जा सर्वाधिक शोषते ते सामान्य तापमानाला सुमारे २०,००० मेगाहर्ट्झच्या आसपास. तेवढ्या वारंवारतेवर अन्नाचा केवळ पृष्ठभाग तापला असता. २४५० ही निवड सोयीची होती : अन्नात काही सेंटिमीटर शिरणारी, उपकरणाचे आकारमान आटोक्यात ठेवणारी आणि मुख्य म्हणजे प्रशासकीय दृष्ट्या उपलब्ध. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी हा पट्टा राखून ठेवण्यात आला. आजच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत तो २४०० ते २५०० मेगाहर्ट्झ असा आहे, आणि त्यासोबतची अट लक्षणीय आहे. या पट्ट्यात संदेशवहन करणाऱ्याने अशा उपकरणांमुळे होणारा व्यत्यय सोसला पाहिजे. रेडिओ वर्णपटाचा हा तुकडा जगाने जणू उकिरड्यासाठी सोडून दिला. पुढे त्याच उकिरड्यावर बिनतारी संगणक जाळी, ब्लूटूथ व असंख्य उपकरणे वसली, याचे कारणही तेच. ज्या जागेवर कोणाचा हक्क नाही, तेथे परवान्याची गरज उरत नाही. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. मेहकर किंवा मलकापूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील बिनतारी जाळीचा कायदेशीर आधार तेथे आहे. त्याच इमारतीतील उपाहारगृहात ओव्हन असल्यास व्यत्ययाविरुद्ध तक्रार करण्याचा मार्ग त्या जाळीला नाही.

घरगुती मॅग्नेट्रॉनची चाल

घरगुती मॅग्नेट्रॉनचा संकेत समजून घेताना प्रथम हे ध्यानात ठेवले पाहिजे की तो संकेत म्हणून घडविलेलाच नाही. रेडिओ प्रक्षेपकाची वारंवारता स्थिर राहावी यासाठी अभियंते जिवाचे रान करतात. ओव्हनच्या निर्मात्याला फक्त अन्न तापवायचे असते व किंमत कमी ठेवायची असते. परिणामी या यंत्राच्या लहरींत त्याच्या स्वस्ताईची सगळी चिन्हे उमटतात.

पारंपरिक ओव्हनमध्ये रोहित्र, धारित्र व डायोड यांच्या साध्या जोडणीतून सुमारे ४००० व्होल्टचा दाब मॅग्नेट्रॉनला मिळतो, पण तो विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या एकाच अर्ध्या भागात. आपल्या देशात विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. त्यातील निम्म्याहून काहीशा कमी काळात मॅग्नेट्रॉन लहरी सोडतो व उरलेल्या काळात गप्प असतो. तासभर अखंड गुणगुणल्यासारखे वाटणारे हे यंत्र प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेळा बोलते व ५० वेळा थांबते. बिनतारी जाळीचे संदेश लहान तुकड्यांनी जात असल्याने त्या विरामांत काही तुकडे निसटतात. ओव्हन चालू असताना जाळी सहसा पूर्ण बंद न पडता मंदावते, त्याचे कारण हेच.

दुसरे लक्षण असे की या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वारंवारता एका जागी राहत नाही. दाब चढतो तसा प्रवाह वाढतो आणि प्रवाहाबरोबर वारंवारता सरकते. दाब उतरताना ती पुन्हा हलते. शिवाय समोर जे अन्न ठेवले आहे त्याच्याकडून किती ऊर्जा परावर्तित होते यावरही ती अवलंबून असते. लिटरभर पाणी ठेवल्यास ऊर्जा बरीचशी शोषली जाते. एखादा पापड ठेवल्यास तीच ऊर्जा भिंतींवर आदळून मॅग्नेट्रॉनकडे परतते व त्याला आपल्या मार्गावरून ओढते. थाळी फिरते, अन्नाची स्थिती बदलते, त्याबरोबर संकेतही भटकतो. तांबे तापून प्रसरण पावले की पोकळ्या किंचित मोठ्या होतात आणि वारंवारता हळूहळू खाली येते. २४५० हा आकडा ओव्हनच्या पाठीवरील पट्टीवर छापलेला असतो. प्रत्यक्ष संकेत त्याच्या आसपास कित्येक मेगाहर्ट्झच्या रुंदीत वावरतो. विजेचा दाब ज्या गावात संध्याकाळी ढासळतो, तेथे या वावराचा आणखी एक स्वतंत्र अध्याय लिहिता येईल.

तिसरी बाब गळतीची. दारावरील जाळीची छिद्रे एकदोन मिलिमीटरची असतात आणि लहरींची लांबी १२ सेंटिमीटरहून थोडी अधिक. इतक्या लहान छिद्रांतून त्या लहरी बाहेर पडू शकत नाहीत, पण दाराच्या कडेला, बिजागरीपाशी काही अंश निसटतोच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर ही गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा अधिक असता कामा नये. आरोग्याच्या दृष्टीने ही मर्यादा सुरक्षित मानली जाते. संदेशवहनाच्या दृष्टीने हिशेब वेगळा होतो. आतील ८०० वॅटपैकी दशसहस्रांश भाग जरी बाहेर आला, तरी तो ८० मिलिवॅट भरतो. बिनतारी जाळीच्या साध्या यंत्राची शक्ती सुमारे १०० मिलिवॅट असते. म्हणजे निर्दोष ओव्हनही त्या यंत्राच्या तोडीचा आवाज करू शकतो.

आणि चौथी बाब, जी पुढील इतिहासात निर्णायक ठरली : चालू होताना व बंद होताना मॅग्नेट्रॉन काय करतो? स्थिर अवस्थेत तो आपल्या नेमलेल्या वारंवारतेच्या परिसरात राहतो. दाब अचानक तुटला तर त्या ढासळत्या काही क्षणांत तो नेहमीच्या पट्ट्याबाहेरही लहरी सोडतो. सामान्यतः या क्षणाची कोणाला दखल घ्यावी लागत नाही, कारण तेव्हा दार बंद असते.

पार्क्सचे पेरिटॉन

न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाची दुर्बीण १९६१ पासून कार्यरत आहे. २००७ मध्ये डंकन लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या २००१ सालच्या जुन्या नोंदींत काही मिलिसेकंदांचा एक अतितीव्र संकेत सापडल्याचे जाहीर केले. त्याची उच्च वारंवारता आधी व निम्न वारंवारता नंतर पोहोचली होती. अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांतून लांबचा प्रवास केलेल्या लहरींचे हे ओळखीचे लक्षण, ज्यास अपस्करण म्हणतात. येथे ते इतके मोठे होते की उगम आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर असावा असे अनुमान निघाले. पुढे अशा घटनांना वेगवान रेडिओ स्फोट म्हटले जाऊ लागले.

त्यानंतर अडचण उद्भवली. २०११ मध्ये सारा बर्क-स्पोलाओर व सहकाऱ्यांनी त्याच दुर्बिणीच्या १९९८ पासूनच्या नोंदींतून सोळा संकेत शोधून काढले. त्यांतही वारंवारता वरून खाली घसरत होती, आणि काहींचे अपस्करण तर लॉरिमर यांच्या स्फोटाच्या जवळपासचे होते. पण ते दुर्बिणीच्या तेराही शलाकांत एकाच वेळी दिसत होते. आकाशातील एका बिंदूपासून आलेला प्रकाश एका किंवा शेजारच्या दोनतीन शलाकांत पडावा. तेराही शलाकांत पडणारा संकेत बहुधा दुर्बिणीच्या बाजूने, जवळूनच शिरत असावा. या संकेतांना पेरिटॉन हे नाव देण्यात आले. बोर्हेस यांच्या काल्पनिक प्राण्यांच्या ग्रंथातील या पंखधारी हरणाची सावली माणसाची पडते. नाव अन्वर्थक होते : देह एकाचा, छाया दुसऱ्याची.

पेरिटॉन पार्थिव आहेत हे ठरले, पण ते नेमके कशाचे हे कळेना. वातावरणातील विजेशी त्यांचा संबंध असावा असाही तर्क झाला. खरी हानी वेगळीच होती. पेरिटॉनशी इतके साम्य असलेला मूळचा २००१ चा स्फोटही पार्थिवच असेल, ही शंका नाहीशी करता येत नव्हती. एका नव्या शाखेचा पहिला पुरावाच संशयाच्या सावलीत गेला होता. संकेतांचे वेळापत्रक पाहता ते दिवसा, कामाच्या वेळेत आणि विशेषतः जेवणाच्या सुमारास अधिक येत होते. आकाशाला जेवणाची सुटी नसते, त्यामुळे माणसाचा हात दिसत होता. पण वेळापत्रक हे लोणारच्या भोवतालच्या बेसॉल्टसारखेच होते. ते दिशा सुचवी, कारण सिद्ध करीत नसे.

निर्णय एका साध्या पूरक उपकरणाने झाला. २०१४ च्या अखेरीस पार्क्स येथे आवारातील रेडिओ व्यत्यय सर्व दिशांनी आणि विस्तृत पट्ट्यात टिपणारी यंत्रणा बसविण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये दुर्बिणीला १४०० मेगाहर्ट्झच्या परिसरात तीन पेरिटॉन दिसले आणि त्या प्रत्येकाच्या वेळी या यंत्रणेत २३०० ते २५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात संकेत नोंदला गेला. दुर्बिणीला तो पट्टा दिसतच नव्हता. इतकी वर्षे संशोधक घटनेचा एकच टोकाचा भाग पाहत होते.

आता संशय ओव्हनवर स्थिरावला, तरी पहिल्या चाचण्यांत पेरिटॉन उमटले नाहीत. ओव्हनमध्ये पाणी ठेवून नेमलेला वेळ पूर्ण होऊ देत होते, आणि तसा ओव्हन निर्दोष होता. मार्च २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ व सहकाऱ्यांनी वेळ संपण्यापूर्वीच दार उघडून पाहिले, तेव्हा पेरिटॉन प्रकटले. दार उघडताच सुरक्षा-खटका वीजपुरवठा तोडतो, हे खरे. पण मॅग्नेट्रॉनला विझण्यास काही अवधी लागतो आणि तेवढ्या अवधीत दार उघडे असते. त्याच ढासळत्या अवस्थेत निघालेल्या लहरी, दुर्बिणीचे तोंड अनुकूल कोनात असेल तर, तिच्यात शिरत. घाईने दार उघडणारा कोणी कर्मचारी आणि योग्य कोनात वळलेली दुर्बीण, असा दुहेरी योग जुळावा लागे. सतरा वर्षांत हे संकेत थोडेच का आढळले याचे उत्तर त्यात मिळते.

२००१ चा स्फोट मात्र या स्पष्टीकरणात बसला नाही. तो मोजक्या शलाकांत होता आणि त्या वेळी दुर्बिणीची दिशा ओव्हनच्या लहरी आत येण्यास अनुकूल नव्हती. ओव्हनचा अपराध सिद्ध झाला तेव्हाच आकाश निर्दोष सुटले. २०१६ मध्ये पुनःपुन्हा स्फोट करणारा एक उगम प्रसिद्ध झाला आणि २०१७ मध्ये शमी चॅटर्जी व सहकाऱ्यांनी तो एका दूरच्या बटू आकाशगंगेत असल्याचे दाखविले. त्यानंतर या शाखेच्या अस्तित्वाबद्दल शंका घेण्याचे कारण उरले नाही.

खोडदची शांतता

ऑस्ट्रेलियातील या प्रकरणाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध वरवरचा नाही. सिडनीतील रेडिओ खगोलशास्त्र युद्धकाळातील रडार-संशोधनाच्या प्रयोगशाळेतून उगवले. मॅग्नेट्रॉन व रेडिओ दुर्बीण ही एका अर्थाने एकाच युद्धाची अपत्ये. त्या प्रयोगशाळेत १९५३ ते १९५५ या काळात काम केलेले गोविंद स्वरूप यांना सिडनीजवळील पॉट्स हिल येथील १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या भारतासाठी देणगीदाखल मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यानंतर त्यांनी त्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे उभारल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. पुढे १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली, आणि १९९० च्या दशकात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण उभी राहिली.

या तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, पोलादी तारेच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची असून २१ सेंटिमीटर व त्याहून लांब लहरींना ती अखंड आरशासारखी वाटतात. ओव्हनच्या दारातील जाळी याच तत्त्वावर लहरी आत कोंडते, खोडदची जाळी त्या गोळा करते. पदवी वर्गात विद्युतचुंबकीय परावर्तन शिकविणाऱ्याला याहून सुबक जोडी मिळणे कठीण.

ही दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झ या कक्षेत काम करते, म्हणजे ओव्हनची मुख्य वारंवारता तिच्या कक्षेच्या बरीच बाहेर पडते. त्यावरून घरगुती ओव्हन खोडदला निरुपद्रवी ठरतो, असे २०१५ पूर्वी म्हणता आले असते. पार्क्सचे पेरिटॉन १४०० मेगाहर्ट्झच्या परिसरात आले होते, आणि तो भाग खोडदच्या कक्षेत येतो. आपल्या उपकरणाचा पट्टा वेगळा आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. खोडदला प्रत्यक्ष त्रास अधिक होतो तो मोबाइल मनोऱ्यांचा व विजेच्या तारांचा. सैल जोडणीवर किंवा खराब झालेल्या चिनी मातीच्या विद्युतरोधकावर उडणाऱ्या ठिणग्या विस्तृत पट्ट्यात कडकडतात आणि विजेच्या आवर्तनांशी लय धरतात. ओव्हनच्या गुणगुणण्याचीही तीच लय. सर्व देशभर एका तालावर चालणाऱ्या वीजजाळ्याची ही सही कोणत्याही पार्थिव संकेतावर असू शकते, आणि ती ओळखून व्यत्यय तत्क्षणी वगळणारी व्यवस्था खोडद येथे विकसित करण्यात आली. भेट देणाऱ्यांना तेथे मोबाइल बंद ठेवण्यास सांगितले जाते.

खोडदला आणखी एक लाभ आहे. तिच्या तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन बाहूंवर. एखाद्या स्वयंपाकघरातील लहर एका तबकडीला जोराने व दूरच्या तबकडीला मुळीच जाणवणार नाही. आकाशातील उगमाचा तरंग सर्व तबकड्यांवर ठरावीक अंतराने व समान रूपात येतो. पार्क्सला जे काम वेगळ्या यंत्रणेने करावे लागले, ते येथे दुर्बिणीच्या रचनेतच सामावले आहे. अद्ययावत झालेल्या या दुर्बिणीने ५५० ते ७५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एफआरबी १८०९१६ या उगमापासून आलेले १५ स्फोट पकडल्याचे विश्वेश्वर राम मार्थी व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

लोणार येथे निर्णायक प्रश्न सुटल्यावरही दुसरा शिल्लक राहिला आहे. ते विवर नेमके किती जुने? एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीनुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. वेगवान रेडिओ स्फोटांची अवस्थाही आज काहीशी अशीच आहे. ते आकाशातून येतात हे निश्चित झाले आहे, २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारकडून तसा एक स्फोट नोंदला गेला आहे, पण सर्वच स्फोटांमागे तेच एक कारण आहे काय, याचा शोध चालू आहे.